तिसरी हाक

ज्या पक्ष्यावर मी तीनशे बारा पाने लिहिली, तो पक्षी मी पाहिलेला नव्हता. प्रबंधाच्या प्रस्तावनेत हे वाक्य सापडणार नाही. तिथे माझ्या मार्गदर्शक सरांचे आभार आहेत, ग्रंथपालांचे आहेत, टंकलेखकाच्या ‘अमूल्य सहकार्याचे’ आहेत. पक्ष्याचे नाहीत, त्याने काही सहकार्य केलेच नव्हते.

त्या पक्ष्याला करडी फटाकडी म्हणतात. मुठीत मावेल एवढा जीव, दलदलीतल्या बोरूच्या दाटीत राहणारा. उडण्याचा कंटाळा आणि माणसांचा तिटकारा, असे विद्वानांना शोभणारे दोन्ही गुण अंगी असलेला. फटाकडी दिसत नाही, ऐकू येते. तिच्या हाका तीन. पहिल्या दोन आखूड आणि चढत्या. तिसरी लांब, उतरत उतरत विझणारी. जगभरची सगळी ध्वनिमुद्रणे असेच सांगतात. आमच्या देशातल्या फटाकडीची तिसरी हाक मात्र मध्येच तुटते, कोणी धाडकन दार लावून घ्यावे तशी. हा शोध सरांचा. एकतीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, एका दलदलीच्या काठी, त्यांनी ती हाक एकट्याने ऐकली, कानावरून तिच्या उताराची आकृती काढली आणि चार पानांचा लेख लिहिला. त्या चार पानांवर मी माझी तीनशे बारा रचली: पक्ष्यांनाही बोली असते, प्रदेश बदलला की स्वर बदलतो, आणि आमच्या फटाकडीचा ‘तुटका स्वर’ हा त्याचा पुरावा. ती दलदल पुढे भराव घालून बुजवली गेली, तिच्यावर गोदामे उभी राहिली आणि आमच्याकडे फटाकडी पुन्हा कोणी ऐकली नाही. आमचा सिद्धान्त त्यामुळे अजिंक्य झाला. साक्षीदार मेला की खटला किती स्वच्छ होतो, हे वकिलांना ठाऊक असते. विद्वानांना त्याहून अधिक.

सरांच्या लेखात मीही आहे, तळटीपेत. ‘ध्वनियंत्र वाहून नेण्याच्या कामी एका विद्यार्थिनीचे साहाय्य झाले.’ विद्यार्थिनीला नाव नाही. यंत्राला आहे, बनावटीच्या वर्षासकट.

सरांचा स्वभाव ‘तापट पण प्रेमळ’ होता, असे आता लिहिले जाते. मेलेल्या माणसाच्या स्वभावात ‘पण’ नेहमीच योग्य जागी पडतो. प्रत्यक्षात ते ओरडत, आणि ज्याच्यावर ओरडत त्याचा प्रबंध पुढची दोन वर्षे त्यांच्या टेबलावर धूळ खात पडून राही. एकदा फीत यंत्रात अडकून तुटली, तेव्हा मी ती गुपचूप चिकटपट्टीने जोडली आणि तोंडाला कुलूप लावले. आम्ही सगळेच असे करत होतो. त्यांच्या प्रयोगशाळेत निम्म्या वस्तू चिकटपट्टीवर उभ्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या आमच्या गप्प बसण्यावर.

त्यांचा एक नियम मात्र मी आजही पाळते. फितीवरून पक्ष्याला साद घालायची ती दोनच हाकांची. मग यंत्र बंद करून पाच मिनिटे गप्प बसायचे. आपल्या हद्दीत कोणी परका शिरला असे वाटून पक्षी उत्तर देतो. तिसरी हाक वाजवणे म्हणजे त्याचा छळ. “दोन हाका म्हणजे अभ्यास, तिसरी म्हणजे चावटपणा,” असे सर म्हणत. नियम इतका अंगवळणी पडला, की दुसरी हाक संपताच माझा अंगठा आपोआप खाली येतो.

यंदा मी निवृत्त झाले आणि माझे ‘मोठे वर्ष’ काढायचे ठरवले. पक्षी पाहणाऱ्या जमातीत हा एक मान्यताप्राप्त वेडेपणा आहे. एक जानेवारी ते एकतीस डिसेंबर, जमतील तितक्या जातींचे पक्षी पाहायचे किंवा ऐकायचे आणि वहीत उतरवायचे. पक्षी जिवंत हवा, मोकळा हवा आणि वही खरी हवी. काही जण यात स्पर्धा करतात. माझे वर्ष खाजगी होते. ऑक्टोबर उजाडेपर्यंत माझ्या वहीत दोनशे शहाऐंशी जाती जमल्या होत्या, आणि खरे सांगायचे तर त्या सगळ्या तोंडी लावायला होत्या. मला हवी होती ती एकच. एक तुटकी तिसरी हाक, जिवंत गळ्यातून आलेली, माझ्या कानांनी ऐकलेली. तोपर्यंत माझ्या आयुष्याचे काम एका गेलेल्या माणसाच्या एका संध्याकाळच्या कानावर उभे होते. आणि त्याच कामावर सरांच्या स्मृतिग्रंथासाठी दोन हजार शब्द महिनाअखेर द्यायचे मी कबूल करून बसले होते.

आमच्या बुजलेल्या दलदलीला सर्वांत जवळची फटाकड्यांची जागा सीमेपलीकडे होती. तिथले पक्षी इकडून गेलेले असतील काय, या एका ‘काय’साठी मी परदेशाचे तिकीट काढले.

धाकटी बहीण सोबत निघाली. चौतीस वर्षे तिने ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिकेचे काम केले. पोट शिवण्यापूर्वी आत वापरलेले बोळे, चिमटे, कात्र्या मोठ्याने मोजणे हे तिचे काम. आकडा जुळल्याशिवाय तिने कोणत्याही सर्जनला टाका घालू दिला नाही. पक्ष्यांतला तिला कावळा ओळखता येतो.

“मोजायचंच आहे ना? मग मी हवीच,” म्हणत तिने बॅग भरली. “पण ताई, लोक निवृत्त झाल्यावर गुडघे बदलून घेतात. तू देश बदलतेस.”

आमचे उतरण्याचे ठिकाण दलदलीला लागूनच होते. दुमजली घर, खाली चार टेबलांची जेवणाची खोली, वर पाच खोल्या, मागे कपडे वाळत घालायची दोरी आणि तिच्याशेजारून बोरूत जाणारा सांडपाण्याचा चर. घरमालकिणीने आमच्या बुटांकडे एकदा पाहिले आणि न बोलता रबरी बुटांचे दोन जोड आणून ठेवले. धाकटीला ते दोन बोटे मोठे झाले. ती रात्रभर नव्हे, पण जेवणभर त्यांवर बोलली.

पहाटे पावणेसहाला निघालो तेव्हा दलदलीवर धुके बसले होते. पूर्व काठावरून फळ्यांची एक अरुंद वाट पाण्यात शंभर पावले जाते आणि तिथेच, कुठेही न पोचता, संपते. वाटेच्या तोंडाशी असलेल्या बाकावर मी धाकटीला बसवले. तिच्या एका हातात माझा फोन, दुसऱ्यात वाटीएवढा स्पीकर. फोनमध्ये सरांचीच जुनी, परदेशातून मागवलेली फीत उतरवलेली होती. संस्थेतल्या तंत्रज्ञाने ते काम माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात करून दिले होते. नवी, नितळ ध्वनिमुद्रणे जगात पुष्कळ आहेत. पण गुरूचा तिरस्कार करणाऱ्या शिष्यालाच गुरूची वस्तू वापरण्याचा सोस अधिक असतो.

“मी हात वर केला की वाजव,” मी सांगितले. “खाली केला की बंद.”

“आणि धुक्यात हात दिसला नाही तर?”

“दिसेल.”

शंभर पावले चालून मी टोकाशी उभी राहिले आणि हात वर केला. मागून पहिली हाक आली, मग दुसरी. मी हात खाली केला. मागून निर्लज्जपणे तिसरी सुरू झाली. मी दातओठ खात वळले, आणि नेमक्या त्याच क्षणी समोरून, पाण्यापलीकडच्या धुक्यातून, उत्तर आले. एक चढती हाक. थांबून दुसरी. मागे काय वाजते आहे, कुठे संपते आहे, याच्याशी मला त्या घटकेला काहीही कर्तव्य नव्हते. मी समोरची तिसरी हाक ऐकण्यासाठी जीव कानांत गोळा केला होता. ऐकू आली ती धाकटीची शिंक. खणखणीत, थिएटरच्या बाहेरच देता येते तशी.

तिसरी हाक आली नाही. पाच मिनिटे गेली, पंधरा गेली. मी वही काढून लिहिले: ‘२८७. करडी फटाकडी. एक, ऐकली. सकाळी ६.१०, पश्चिमेकडून. दोन हाका. तिसरी नाही.’

“अगं, हात खाली केला होता ना मी!”

“हात? मला तूसुद्धा दिसत नव्हतीस.”

“आणि शिंकायला हीच वेळ सापडली?”

“शिंक काय विचारून येते? बरं, आला का तुझा पक्षी?”

“आला. अर्धा.”

परदेशात आपल्या भाषेचा माणूस भेटला की आनंद होतो, ही प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांनी पसरवलेली अफवा आहे. नाश्त्याला खाली उतरलो तर शेजारच्या टेबलावर, गळ्यात दुर्बीण अडकवून, एक गृहस्थ पावाला लोणी लावत होते आणि आमचे बोलणे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. ते निवृत्त दंतवैद्य निघाले. त्यांचेही मोठे वर्ष चालू होते. आकडा विचारायच्या आत त्यांनी तो सांगितला: तीनशे एक्केचाळीस, ‘आजची धरून’. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहत नसत, तोंडात पाहत. त्यामुळे धाकटीने उकडलेले अंडे खाताना हात आडवा धरला.

“आजची म्हणजे?” मी विचारले.

“म्हणजे काय, फटाकडी!” त्यांनी खुर्ची आमच्या टेबलाकडे ओढली. “पाच वर्षं मागे होतो तिच्या. आज बोलली! सहा वाजून दहा मिनिटं.”

“माझीही सहा दहालाच.”

“वा! कुठून आला आवाज?”

“पश्चिमेकडून. आम्ही पूर्व काठावर होतो.”

त्यांचा सुरीचा हात थांबला. “कमाल आहे. मी पश्चिमेला होतो. मला पूर्वेकडून ऐकू आली.”

दोन शिकलेल्या माणसांना एकाच वेळी एकच अडचण पडली की पहिला मान समजुतीला मिळत नाही, स्पष्टीकरणाला मिळतो.

“दोन पक्षी!” दंतवैद्य म्हणाले. “एक तुमच्या बाजूला, एक माझ्या. जोडी आहे, बाई, जोडी!”

“शक्य आहे,” मी म्हणाले. माझ्या आवाजातली उत्सुकता मलाच परकी वाटली.

“अहो, खरी गंमत पुढे आहे. मी सगळं रेकॉर्ड केलंय. तुम्हाला फटाकडीच्या बोलीबद्दल काही कल्पना आहे का? एक प्रबंध आहे, फार गाजला नाही, पण मी विकत घेऊन वाचलाय. त्यात एक तुटका स्वर...”

“तो हिचाच,” धाकटी अंड्याआडून म्हणाली. “तीनशे बारा पानं. आमच्याकडे दार अडवायला एक प्रत आहे.”

दंतवैद्य उभेच राहिले. मग बसले. मग, काय करावे हे न सुचून, त्यांनी माझ्यापुढे मुरंब्याची वाटी सरकवली. माझा प्रबंध स्वतःच्या पैशाने घेतलेला माणूस मी प्रथमच पाहत होते. बुबुळे, भुवया, सगळे नीट पाहून घेतले.

“मग ऐका,” ते म्हणाले आणि त्यांनी टेबलावर यंत्र ठेवले.

आधी पाण्याची खळखळ. मग लांबून पहिली हाक. दुसरी. मग यंत्राच्या अगदी जवळून दोन ठळक, चढत्या हाका. आणि त्यांच्या आडून लांबवरची तिसरी, उतरत, उतरत, आणि मध्येच बंद. दार धाडकन लावून घेतल्यासारखी. त्यानंतर एक स्फोटक, ओलसर, वर फेकलेला आवाज.

मी चमचा बशीत ठेवला. तो वाजू नये म्हणून फार काळजीपूर्वक ठेवला, एवढे आठवते. एकतीस वर्षांत हा स्वर मी कागदावर शेकडो वेळा काढला होता. त्याच्या उताराचा कोन मला पाठ होता. तो हाच होता. आमच्या देशातून पुसलेली ती बोली सीमेपलीकडच्या या चिखलात जिवंत होती. सर खरे होते. मी खरी होते. माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्याचा मला रागही आला.

“आणि शेवटचं ऐकलंत ना?” दंतवैद्य कुजबुजले. “चौथा स्वर! आजवर कोणीच नोंदवलेला नाही. बहुधा धोक्याची सूचना असावी.”

“परत लावा बघू तेवढं,” धाकटी म्हणाली.

त्यांनी लावले. तिने मान तिरकी करून ऐकले, हात खाली घेतला आणि अंडे गिळले.

“तो चौथा स्वर मी आहे,” ती म्हणाली. “शिंक आहे ती माझी.”

स्वयंपाकघरात घरमालकीण कपबश्या विसळत होती.

“म्हणजे,” धाकटी शांतपणे, बोळे मोजावेत तशी, एकेक बोटावर घेत म्हणाली, “लांबच्या तीन हाका तिच्या फोनच्या. शिंक माझी. आणि मधल्या दोन, त्या तुमच्याच यंत्राच्या ना, डॉक्टर? तुम्हीही वाजवत होतात की.”

“दोनच,” दंतवैद्य ओशाळून म्हणाले. “दोनच वाजवतो मी. नियमच आहे तसा.”

“झालं तर मग. ताईनं तुम्हाला ऐकलं, तुम्ही मला ऐकलंत. पक्षी धरला तर उरतो शून्य.”

आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी एक म्हण आहे. इथे दोन आंधळे एकमेकांच्या जात्याला दाद देत होते. दंतवैद्यांनी हसण्याचा प्रयत्न केला. माझ्या तोंडाकडे पाहून सोडून दिला. कारण मला हसू येत नव्हते. मला एकच प्रश्न पडला होता. जगभरच्या फटाकड्यांची तिसरी हाक पूर्ण असते. सरांनी परदेशातून मागवलेल्या फितीवर परदेशी फटाकडीच होती. मग तिची हाक तुटली कशी?

मी खोलीत गेले, दार लावले, फोन उशीवर ठेवला. पहिली हाक. दुसरी. अंगठा सवयीने पुढे झाला. तो मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला. तिसरी उतरू लागली आणि तुटली. तुटण्याच्या जागी, अगदी बारीक, एक ‘ठप्’ होता. चिकटपट्टी यंत्राच्या मुखावरून जाताना होतो तसा.

मग सगळे आठवले. आठवले म्हणणेही बरोबर नाही, कारण मी काही विसरलेच नव्हते. दोन गोष्टी एकतीस वर्षे एकाच कपाटात होत्या आणि मी त्यांची ओळख करून दिली नव्हती. फीत तुटली ती दुपार आणि सरांनी हाक ऐकली ती संध्याकाळ एकाच दिवसाची होती. दुपारी चुरगळलेला, वीतभर तुकडा मी कापून फेकला आणि उरलेली टोके जोडली. संध्याकाळी सरांनी मला यंत्र घेऊन पलीकडच्या काठाला पाठवले. दोन हाका वाजवल्या, आणि बंद करायला वाकले तर पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. यंत्र छातीशी धरून मी पाय उपसत होते. तेवढ्यात तिसरी हाक वाजून गेली. मी ती ऐकलीही नाही. मला फक्त, सर आता ओरडणार, एवढेच ऐकू येत होते.

सर ओरडले नाहीत. काठावर परतले तेव्हा ते आनंदाने थरथरत होते. सरांना आपली फीत शब्दशः पाठ होती. तीच जशीच्या तशी पलीकडून ऐकू आली असती तर त्यांनी तत्क्षणी ओळखली असती आणि माझी चामडी लोळवली असती. पण त्यांच्या फितीत तुटका स्वर नव्हता. म्हणून तो पक्ष्याचा ठरला. त्यांच्या ओरडण्यामुळे मी गप्प बसायला शिकले, आणि माझ्या गप्प बसण्यातून तो पक्षी जन्माला आला. जगातला एकमेव पक्षी, ज्याचा पिता क्रोध आणि माता चिकटपट्टी.

आणि मी त्याच्यावर तीनशे बारा पाने लिहिली. कोन मोजून.

धाकटी आत आली तेव्हा मी तिला सगळे सांगितले. ती पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. दंतवैद्य दारात उभे होते. त्यांना आत बोलावले नव्हते आणि जा असेही कोणी म्हटले नव्हते.

“बाई, एक सुचवू का?” ते म्हणाले. “ही गोष्ट आपल्या तिघांत आहे. सर गेले, दलदल गेली. कुणाचं काही बिघडत नाहीये. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

ते मनापासून बोलत होते. माझ्या प्रबंधाचा एकमेव ग्राहक आपला ऐवज वाचवू पाहत होता.

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. “ताई, आमच्याकडे पोट शिवून झालं आणि मग एक बोळा कमी निघाला, तर काय करतात माहितेय?”

“काय?”

“परत उघडतात.”

“आणि पेशंटची एकतीस वर्षं झाली असतील तर?”

“मग तर दुखतच असणार ना गं त्याला.”

दुपारी स्मृतिग्रंथाच्या संपादकाचा फोन आला. हा सरांचा लाडका विद्यार्थी. आम्ही मागे त्याला ‘प्रतिध्वनी’ म्हणत असू.

“मॅडम, तेवढे दोन हजार शब्द? ‘तुटक्या स्वराचा शोध’ असं शीर्षक मी धरूनच चाललोय.”

“शीर्षक राहू दे. शब्द कमी होतील.” मग मी त्याला दुपारची फीत, संध्याकाळचा चिखल आणि आजची शिंक, क्रमाने सांगितली.

“मॅडम, हा स्मृतिग्रंथ आहे. शवविच्छेदन नाही.”

“शव सरांचं नाही, माझं आहे. तेव्हा परवानगी मी देते.”

“पण तुमची पदवी, तुमचा सगळा... नीट विचार करा.”

“एकतीस वर्षं केला नाही, म्हणून तर ही वेळ आली.”

त्याने ‘बघतो’ म्हटले. आमच्या विद्येच्या प्रांतात ‘बघतो’ म्हणजे डोळे मिटणे. मी त्याच दुपारी पान-दीड पान लिहिले: यंत्र, फीत, कापलेला तुकडा, काठांची अंतरे, वेळ. विशेषण एकही वापरले नाही. सरांच्या स्वभावावर एक परिच्छेद लिहिला होता, चांगला चरचरीत, तो खोडला. राग खरा होता, पण पुरावा नव्हता. ‘एका विद्यार्थिनीचे’ या शब्दांपुढे मात्र माझे नाव घातले. ते पान त्याला पाठवले आणि तो छापणार नाही म्हणून आणखी दोन नियतकालिकांनाही पाठवले. मग वही काढून दोनशे सत्त्याऐंशीवर रेघ मारली आणि बाजूला लिहिले: ‘ऐकलेला प्राणी: दंतवैद्य. एक, जिवंत, मोकळा.’

दंतवैद्यांनी स्वतःच्या वहीतली फटाकडी खोडायला संध्याकाळचा चहा होईपर्यंत वेळ घेतला. खोडली मात्र.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कुठेच गेले नाही. माझ्याजवळ ऐकण्यासारखे काही उरले नव्हते, किंवा मला तसे वाटत होते. सात वाजता जाग आली ती धाकटीच्या हाकेने. ती मागच्या दोरीवर मोजे वाळत घालत होती आणि खालूनच, तोंडातला चिमटा न काढता, बोलावत होती.

“ताई, खाली ये. हळू ये. ही तुझी बाई का बघ.”

मी जिन्यावरून अनवाणी उतरले. दंतवैद्य आधीच मागच्या दारात पुतळ्यासारखे उभे होते, दुर्बीण गळ्यात असूनही न उचलता. सांडपाण्याच्या चराच्या काठी, साबणाच्या फेसाला लागून, करडा, मुठीएवढा पक्षी चालत होता. प्रत्येक पाऊल उचलताना शेपटी एकदा झटकत होता. हे वर्णन मी केले आहे, पान सत्तेचाळीस, दुसऱ्याच्या पुस्तकावरून. शेपटी झटकताना खालची पांढरी पिसे अशी पंख्यासारखी उघडतात, हे त्या पुस्तकात नव्हते. पायांची बोटे त्याच्या अंगाच्या मानाने हास्यास्पद लांब होती. चिखलात न रुतण्यासाठी. ते मला फार पटले.

आमच्या कोणाच्याही हातात यंत्र नव्हते. फटाकडी चराच्या तोंडाशी थांबली, मान लांब केली आणि कोणीही न विचारता बोलली. पहिली. दुसरी.

धाकटीने चटकन हात नाकाशी नेला आणि दोन बोटांनी ते घट्ट दाबून धरले. तिचे डोळे पाण्याने भरले, खांदे हलले. पण आवाज आला नाही.

तिसरी हाक सुरू झाली. उतरली, उतरली, आणखी उतरली. माझी एकतीस वर्षे जिथे तुटत होती ती जागा आली आणि मागे पडली. हाक पुढे चालतच राहिली, पातळ होत, पाण्यावरून जाणाऱ्या वाऱ्याइतकी पातळ होत, आणि कुठे संपली ते मला सांगता येणार नाही. मला वाटते, ती बोरूत शिरली त्यानंतरही थोडी उरली होती.

मग धाकटी शिंकली. दोनदा.

“पूर्ण होती ना गं?” नाक पुसत तिने विचारले.

“पूर्ण होती.”

“म्हणजे तुझा प्रबंध...”

“बुडाला.”

“मग अशी का बघतेस?”

मी चराकडे पाहत होते. फटाकडी ज्या फटीतून गेली तिथला एक बोरू अजून हलत होता, आणि ती नेमकी कुठल्या पायाने आधी आत शिरली, डाव्या की उजव्या, हे माझ्याकडून पाहायचे राहून गेले होते.

“वही आण,” मी म्हणाले. “आणि ते बूट. तुझे नको, माझे.”